एका घरचे चार डोळे

मागच्या महिन्यात माझा मोतीबिंदू काढून घ्यायला अकोल्याला गेलो होतो. डॉक्टर तरुण, हुशार, हाताचा हलका. मी जुन्या जमान्यातला एल.एम.पी. परवान्याचा डॉक्टर आहे हे कळल्यावर त्याने आदराने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काका, तुम्ही त्या वेळी डोळ्यांचं काय काय करत होता?" मी म्हणालो, "मुख्य म्हणजे परवाळ." त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. इंग्रजी नाव सांगितलं तेव्हा म्हणाला, "हो हो, पुस्तकात आहे. पेशंट मात्र आता फारसे येत नाहीत."

ऐकून बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा एकटंही वाटलं. ज्या आजाराशी उमेदीची वर्षं झोंबी घेतली तो आजारच गावातून उठून गेला, तर त्याच्या गोष्टी सांगायच्या कोणाला? या अंकाच्या संपादकांनी लिहायचा आग्रह केला, म्हणून तुम्हाला सांगतो.

वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरला शिकून मी सरकारी नोकरीत शिरलो आणि बदल्या होत होत बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगावला आलो. खानदेशातलं मोठं जळगाव नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याचं, जामोदजवळचं. दवाखाना म्हणजे एक कौलारू इमारत, पुढे लांब पडवी, आत खाटांच्या दोन खोल्या आणि ऑपरेशनची एक. या खोलीला पूर्वेला मोठी खिडकी होती. गावात वीज नव्हती, त्यामुळे खिडकीतून येणारं सकाळचं ऊन हाच माझा दिवा. आमचे कंपाउंडर रहीमभाई हातात आरसा धरून ते ऊन नेमकं पेशंटच्या डोळ्यावर पाडायचे आणि तोंडाने त्याच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत राहायचे. त्यांच्या गप्पांनी जेवढे पेशंट शांत पडून राहिले, तेवढे माझ्या औषधाने राहिले नसतील.

मी डोळ्यांचा तज्ज्ञ नव्हतो. साप चावलेला, झाडावरून पडलेला, अडलेली बाळंतीण, सगळे माझ्याकडेच. पण त्या मुलखात डोळ्यांचं दुखणं घरोघर. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पूर्णाकाठचा, खाऱ्या विहिरींचा खारपाणपट्टा, मधे काळी माती. उन्हाळ्यात ती माती उडे आणि डोळ्यांत जाई. बायकांना तर चुलीचा धूर बारा महिने. ज्या पदराने लेकराचा चिकटलेला डोळा पुसायचा, त्याच पदराने आपलाही. त्यातून खुपरी घरभर फिरायची.

खुपरी म्हणजे पापणीच्या आतल्या अंगाला साबुदाण्यासारखे दाणे येतात. वर्षानुवर्षं ते येतात, सुकतात, आणि मागे वण राहतात. पापणीच्या पोटात पुठ्ठ्यासारखी एक पातळ पट्टी असते. वणामुळे ती आखडते आणि पापणीची कड आत वळते. मग बाहेरचे केस आत. डोळा मिटला की ते केस बुबुळावर कुंच्यासारखे फिरतात. तेच परवाळ. बायका गळ्यातल्या दोऱ्याला लहानसा चिमटा अडकवून ठेवत आणि शेजारणीकडून केस उपटून घेत. चार दिवस बरं वाटे, की पुन्हा खुंट उगवत. लांब केसापेक्षा खुंट जास्त टोचतो. असं करता करता बुबुळ पांढरं होऊन जाई.

यावरचं ऑपरेशन दिसायला साधं. पापणीच्या त्या पट्टीत पाचरीसारखी खाच घ्यायची आणि टाके असे ओढून बांधायचे की आत वळलेली कड बाहेर फिरेल. हात बसला की हे काम फार समाधान देतं. पट्टी सोडल्यावर बाई डोळा मिटते, उघडते, पुन्हा मिटते आणि टोचत नाही म्हणून हसते. ते हसू मी नोकरीभर गोळा केलं.

गमतीचेही पेशंट यायचे. एक पाटील होते, त्यांची उजवी पापणी जन्मापासून खाली पडलेली. ती उचलणारा स्नायूच कमजोर. ते मान मागे टाकून माणसाकडे पाहत, म्हणून लोकांना वाटे पाटील फार तोऱ्याचे. मी पापणी उचलून दिली. महिन्याभराने तक्रार घेऊन आले. म्हणाले, आधी मी झोपलो की जागा आहे हे गड्यांना कळत नसे, म्हणून ते कामात असत. आता दोन्ही डोळे उघडे दिसतात तर त्यांना कळतं मी कुठं पाहतो आहे. पापणी थोडी खाली करून मिळेल का, असं ते अगदी गंभीरपणे विचारत होते. मी नाही म्हटलं. रहीमभाई औषधांच्या खोलीत जाऊन हसून आले.

पण जळगावचं नाव निघालं की मला पहिली आठवते ती तुळसा.

ती सोनाळ्याच्या किसनाजी बारींची मुलगी. किसनाजींचा पानमळा होता. बोटांची टोकं विड्याच्या पानांनी कायमची हिरवट झालेली. माणूस मितभाषी. मुलीला घेऊन आले तेव्हा मला वाटलं, वाटेत काही झालं असावं, कारण ती रडत होती. नीट पाहिलं तर एकाच डोळ्याने रडत होती.

तिचा डावा डोळा भरायचा आणि वाहायचा. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, वाटाण्याएवढा फुगवटा होता. मी तो दाबला तशी कोपऱ्यातून पुवाची धार आली. कानशिलावर डाग दिल्याच्या दोन खुणा होत्या. कोणा जाणत्याने तापल्या सळईने ते दिले होते. त्याच्याआधी अंगारे झाले, डोंगरातल्या एका पाल्याचा रस झाला.

डोळ्यात आसवं सतत तयार होत असतात. ती नुसती रडण्यासाठी नसतात. बुबुळ ओलं राहावं म्हणून असतात. वापरून झालेलं पाणी कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून एका पिशवीत जातं आणि पिशवीतून नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून तर रडताना नाक वाहतं. तुळसाची नाकात उतरणारी नळी बुजली होती. पाणी पिशवीत साचून नासत होतं.

दुखणं एवढंच. पण तिचं लग्न झालेलं होतं, आणि सासर खारपाणपट्ट्यातल्या एका गावी. नवऱ्याचं नाव गणपत. तो स्वभावाने गरीब, घरात चाले ते सासूचं, भागीरथाबाईचं. लग्नानंतर वर्षाभरात हा डोळा सुरू झाला. दिवेलागणीला, सणावाराला, पाहुण्यांपुढे सून डोळ्यांतून पाणी गाळत उभी. भागीरथाबाईने आधी टोकलं, मग धान्याच्या खोलीत बसवायला सुरुवात केली. धाकट्या दिराच्या लग्नात तुळसाने अख्खा दिवस त्या खोलीत काढला. पुढे डोळा बरा झाला की आणू म्हणून माहेरी पोचवून दिलं. त्यानंतर कोणी आलं नाही. आता गणपतसाठी दुसरी मुलगी पाहताहेत, यंदाच्या सुगीनंतर उरकून टाकायचं घाटत आहे, असं किसनाजींच्या कानावर आलं होतं. म्हणून ते घाईने माझ्याकडे आले होते.

त्या काळी आमच्याकडची रीत म्हणजे ती नासलेली पिशवीच काढून टाकायची. ते मी अनेकदा केलेलं होतं. पू थांबतो, डोळ्याला असलेला धोका टळतो. पण पाण्याला जायला वाट उरत नाही, ते गालावर येतंच. जरा कमी, इतकंच. मी बापलेकीला हे समजावून सांगितलं. किसनाजी मान हलवत राहिले. तुळसा म्हणाली, "मंग सासरी काय सांगू जी? पू गेला, पानी राह्यलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला मी कचरत होतो. नागपूरला मी एक नवं ऑपरेशन पाहिलं होतं, दोन-तीनदा मदतनीस म्हणून उभाही राहिलो होतो. नाकाच्या बाजूचं हाड टोकरून तिथे खिडकी करायची आणि पिशवीचा पडदा नाकाच्या आतल्या पडद्याला शिवून टाकायचा. बुजलेली नळी सोडून द्यायची, पाण्याला नवी वाट. मी हे अर्धवट बोलून गेलो. किसनाजी एकदम सरसावून बसले. म्हणाले, "हे तं आमचंच काम झालं, सायेब. पाट बुजला तं बाजूनं दुसरा पाट काढाचा. पानी थांबत नाई मंग."

मी त्यांना सांगितलं की इथे माती नाही, हाड आहे, आणि तिथून रक्त फार येतं. आंधळेपणाने खणून चालत नाही. विचार करायला दोन आठवडे मागून घेतले.

त्या मुदतीत बुलढाण्याचे सिव्हिल सर्जन दौऱ्यावर आले. त्यांच्यापुढे विषय काढला. ते अनुभवी होते आणि पेशंटच्या जिवाला जपणारे होते. त्यांनी सांगितलं की पिशवी काढ, मोकळा हो. तालुक्याच्या दवाखान्यात छिन्नी-हातोडा चालवू नको. मी तुळसाची हकीकत सांगितली. ते पडवीतल्या रांगेकडे पाहून म्हणाले, "कर. पण रक्त आवरलं नाही तर हट्ट करायचा नाही. पिशवी काढायची, जखम शिवायची आणि मला तसं कळवायचं."

कानामागचं हाड टोकरायची बारीक छिन्नी आणि हातोडी कपाटात होती. ती घासून-पुसून, उकळून ठेवली. थंडीचे दिवस निवडले, कारण तेव्हा ऊन खिडकीतून तिरपं आणि दूरवर येतं.

तुळसाला कोकेनचे थेंब घातले, नोव्होकेनची सुई दिली, नाकात औषधात भिजवलेली पट्टी ठासली. बाकी ती पूर्ण जागी. तोंडावर कापड, फक्त डावा डोळा आणि नाकाची बाजू उघडी. रहीमभाई आरसा धरून उभे. कातडी उघडली, पिशवी बाजूला सारली, हाड दिसलं. हातोडीचे ठोके सुरू केले. जिवंत माणसाच्या डोळ्याशेजारी ठोका मारताना आपल्याच दातांत तो जाणवतो. दोन-चार पापुद्रे निघाले, आणि अचानक रक्त भरून आलं. पुसलं की भरे, पुसलं की भरे. हाड दिसेना, पिशवी दिसेना. मी पट्टी दाबून धरली आणि थांबलो. माझ्या कपाळावरचा घाम तिच्यावर पडू नये म्हणून मान वळवली तर समोर रहीमभाईंचा चेहरा. तेही माझ्याकडेच पाहत होते. सिव्हिल सर्जनांचे शब्द डोक्यात होते. आता पिशवी काढावी आणि शिवून टाकावं, हे मी जवळजवळ ठरवलं.

कापडाखालून आवाज आला, "काऊन थांबले जी?"

रहीमभाई म्हणाले, "कुछ नाही बाई, ऊन सरकलं. आरसा सारखा करून राह्यलो."

"करा बेगीन," ती म्हणाली. "मले काई होऊन नाई राह्यलं."

तिचा आवाज अगदी साधा होता. मी आणखी दाबून धरलं. धाडस म्हणून नव्हे. दाबून धरण्याखेरीज मला काही सुचत नव्हतं. हळूहळू पट्टीखालचा ओघ कमी झाला. पट्टी उचलली तर हाडाची कड दिसली, स्वच्छ. त्यानंतर हात चालत राहिला. खिडकी झाली, पडदे एकमेकांना मिळाले, टाके बसले. संपलं तेव्हा ऊन खरोखरच सरकून भिंतीवर गेलं होतं. पुढे एकदा मी तिला विचारलं, हातोडी चालली तेव्हा काय वाटत होतं. म्हणाली, शेजारच्या घरी कोणीतरी हळद कुटत आहे असं.

टाके निघाल्यावर परीक्षा असते. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या छिद्रातून बोथट सुईने मिठाचं पाणी सोडायचं. वाट मोकळी असेल तर ते घशात उतरतं. मी पाणी सोडलं आणि तिच्या घशाकडे पाहत राहिलो. तुळसाने आवंढा गिळला, तोंड वाकडं केलं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "खारं लागलं. माह्या सासरच्या विहिरीवानी."

किसनाजी पडवीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

डोळा कोरडा झाला. पुढचे दोन आठवडी बाजार मी तिला बोलावून तपासलं, वाट मोकळीच होती. किसनाजींनी सासरी निरोप धाडला. एका बाजाराच्या दिवशी गणपत दवाखान्यात आला. तुळसाकडे त्याने चोरून पाहिलं, डोळा पाहिला, नाकाजवळची लहानशी लाल रेघ पाहिली, आणि आनंद झाला तरी तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा उभा राहिला. मी त्याला विचारलं, केव्हा नेतोस? तो म्हणाला, आई म्हणेल तसं. मग आईला घेऊन ये, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. त्यावर तो खाली बसला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या मुलीचं बोलणं केव्हाच मागे पडलं होतं.

भागीरथाबाईला दिसत नव्हतं. तिला दोन्ही डोळ्यांना परवाळ होतं, कित्येक वर्षांचं. आधी ती सगळ्यांसारखे केस उपटून घ्यायची. गेल्या पावसाळ्यात उजवं बुबुळ फुटलं. डोळा सुजून बाहेर आला होता आणि रात्रंदिवस ठणकत होता. डाव्याने जेमतेम सावल्या दिसत. उजेड सोसत नव्हता, म्हणून ती धान्याच्या खोलीत बसून असायची. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणे, कोणत्या तोंडानं जाऊ, सुनेला डोळ्याच्या पाण्यापायी हाकललं आणि आता माझे दोन्ही वाहतात.

मी म्हणालो, डोळा वाचवायचा तर लगेच आणावं लागेल. गणपत म्हणाला, ती माझं ऐकणार नाही.

तुळसा दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मी आनतो त्याहीले."

किसनाजी संतापले. इतक्या दिवसांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला तो तेवढाच. ज्यांनी हाकललं त्यांनी बैलगाडी घेऊन यावं, चार लोकांत मान देऊन न्यावं. आपण होऊन उंबरा चढायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मी तुळसाला म्हणालो, वडील म्हणतात त्यात चूक नाही, थोडं थांब. ती म्हणाली, "थांबलं तं डोया जाईन, तुमीच म्हनलं." एवढं बोलून ती गणपतच्या गाडीत जाऊन बसली. किसनाजी गाडीमागे वेशीपर्यंत चालत गेले आणि परत आले.

तिकडे काय झालं ते मला नंतर गणपतने सांगितलं. तुळसा घरात गेली. सासू खोलीच्या कोपऱ्यात डोळ्यावर ओलं फडकं धरून बसलेली. पाऊल वाजलं तसं तिने कोण म्हणून विचारलं. तुळसाने जवळ जाऊन सासूच्या हनुवटीखाली हात घातला, तोंड उजेडाकडे वळवलं आणि फडकं बाजूला करून डोळा नीट पाहिला, मी तिचा पाहिला होता तसा. भागीरथाबाईने तो हात ओळखला असावा. तुळसा म्हणाली, चला. आणि सासू उठली.

उजवा डोळा हाताबाहेर गेला होता. त्यात नजर परत यायची शक्यता नव्हती, आणि असा फुटलेला, सुजलेला डोळा राहू दिला तर कधीकधी दुसरा चांगला डोळाही त्याच्यापायी बिघडतो. तो मुळापासून काढणं एवढाच उपाय होता. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला होता, पण मधला भाग शाबूत होता. पापणी सरळ केली तर तो वाचला असता. नोकरीत मला हे सांगणं कधी सोपं गेलं नाही. पाय कापायचा म्हटलं तर माणूस कोसळतो, पण डोळा काढायचा म्हटलं की तो गप्प होतो, आणि ते गप्प होणं जास्त अवघड असतं. कितीतरी जणी तशा गप्प उठून निघून गेल्या आणि पुन्हा आल्या त्या हाताला धरून, दोन्ही डोळे घालवून. त्यांचे चेहरे मला आजही दिसतात.

भागीरथाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे नाही, तुळसा ज्या बाजूला उभी होती तिकडे तोंड वळवून विचारलं, "तू काय म्हनतं?"

तुळसा म्हणाली, "काढून टाका जी. एका डोयानं घर दिसते."

दोन्ही कामं मी एका आठवड्याच्या अंतराने केली. आधी उजवा डोळा काढला. ठणका गेल्यावर ती बाई बसल्या जागी दिवसभर झोपली. कित्येक महिन्यांची झोप होती ती. मग डाव्या पापणीचं परवाळ. पेशंट म्हणून भागीरथाबाई भयंकर होती. औषध कडू, खाट टोचते, जळगावचं पाणी गोड म्हणून भाजीला चव नाही. तुळसा पडवीच्या टोकाला तीन दगड मांडून स्वयंपाक करायची आणि सासूला घास भरवायची. त्या दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत. किसनाजी एक दिवस आले, लांबून पाहून गेले. दुसऱ्या खेपेला विड्याची पानं घेऊन आले आणि विहिणीच्या उशाशी ठेवून गेले.

पट्टी सोडायचा दिवस मला स्वच्छ आठवतो. रहीमभाईंनी खिडकीचं एक दार लोटून उजेड कमी केला. मी कापूस काढला, पापणी कोमट पाण्याने पुसली आणि सावकाश उघडा म्हटलं. तिने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. केस टोचत नव्हते. समोर तुळसा वाकून पाहत होती. भागीरथाबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. नाकाजवळची ती रेघ, डोळ्याचा कोरडा कोपरा, सगळं तिने पाहिलं. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा निदान माफीचं काही बोलेल. गणपतलाही तसंच वाटलं असावं, तो दोन पावलं पुढे आला.

भागीरथाबाई म्हणाली, "पदर घे वं डोक्शावर. बाहीर मानसं हायेत."

तुळसाने पदर घेतला. ती हसत होती.

खोबण भरून आल्यावर काचेचा डोळा बसवायचा प्रश्न आला. आमच्याकडे विलायती काचेच्या डोळ्यांची एक पेटी होती, बहुतेक निळे आणि राखी. काळा एकच, तोही किंचित मोठा. बाईने आरशात पाहून तो पसंत केला. हा डोळा मिटत नाही, असं मी सांगितलं तर म्हणाली, बरंच आहे, गड्यांवर लक्ष राहील. त्या पडलेल्या पापणीच्या पाटलांची गोष्ट तिला कोणी सांगितली होती की काय कोण जाणे.

त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा मी पडवीत उभा होतो. रहीमभाईंनी गवताची गादी नीट करून दिली. भागीरथाबाई आधी चढली आणि डाव्या बाजूला सरकून बसली. तुळसा रिवाजाप्रमाणे मागच्या बाजूला, चाकाशी पाय सोडून बसायला निघाली. सासूने मान वळवून तिला शोधलं. नव्या डोळ्याने तिला काही दिसत नव्हतं आणि जुन्याने शोधायला अजून सवय झाली नव्हती. मग तिने आपल्या उजव्या अंगाची गादी हाताने थोपटली.

"इकडं बस," ती म्हणाली. "ह्या अंगानं मले दिसत नाई."

तुळसा तिच्या उजवीकडे जाऊन बसली. गणपतने बैलांना हाक दिली आणि गाडी खारपाणपट्ट्याच्या वाटेला लागली.